निक्सन नावाचा बैल

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आमच्या घरी पान सातवर राहतात. वरच्या मजल्यावर राशिभविष्य, खालच्या मजल्यावर हिंगणघाट, पुलगाव, आर्वीचे बाजारभाव, शेजारी कुणाच्या तरी तेरवीचं निमंत्रण, आणि मधल्या तीन कॉलमांच्या खोलीत ते. तोंड किंचित उघडं, तर्जनी वर. पहाटे साडेपाचला गल्लीत सायकलची घंटी वाजते, पेपर फाटकावरून उडत येऊन तुळशीच्या कुंडीला टेकतो आणि जगातला सर्वांत बलाढ्य माणूस दव पडलेल्या फरशीवर पालथा पडून माझी वाट बघत राहतो. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. सकाळी उठल्याबरोबर डोकं जरा गरगरवून घ्यायचं कायदेशीर साधन इथे एकच, ते म्हणजे पेपर. एक घोट चहाचा, एक घोट पान सातचा, आणि सोबतीला गोरसपाक. गोरसपाक चहात बुडवण्याची एक नजाकत असते. लवकर काढला तर कोरडा लागतो, उशीर केला तर तुटून तळाशी जातो आणि मग चमच्यानं शोधावा लागतो. परदेशच्या बातम्यांचंही तसंच आहे. किती वेळ बुडी मारायची, हे ज्याचं त्यानं अनुभवानं ठरवायचं.

हा पाहुणा बरीच वर्षं नुसता 'अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प' होता, म्हणजे पत्रिकेवर छापल्यासारखा पूर्ण नावानिशी. मग कधीतरी, कुणी केलं ठाऊक नाही, त्याचं 'तात्या' झालं. मोबाइलवरून ते नाव आलं, चहाच्या टपरीवर रुजलं, आणि बघता बघता साऱ्या मराठी मुलखानं त्याला दत्तक घेतलं. मला या बारशाचं फार कौतुक वाटतं. कारण तात्या म्हणजे कोण, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक लग्नघरात एक तात्या असतात. ते मांडवात शिरतात ते रुसायच्या तयारीनं. पहिल्या पंगतीला बोलावलं नाही म्हणून रुसतात, बोलावलं तर ताट उजव्या बाजूनं वाढलं म्हणून रुसतात. आणि पुढची वीस वर्षं, हे लग्न मीच जुळवलं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतात. मे २०२५ मधला भारत-पाकिस्तान संघर्ष आपणच थांबवला, असं ट्रम्प पुन्हा पुन्हा सांगू लागले आणि दिल्ली पुन्हा पुन्हा नाही म्हणू लागली, तेव्हा आमच्या टपरीवर कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "सोडा ना बाप्पा, तात्याच हायेत ते."

त्या 'सोडा ना'पाशी मी मात्र अडखळलो. सात समुद्रांपलीकडच्या एका सरकारबद्दल वर्ध्याच्या माणसाचं मत बनतं तरी कसं? माझा समज होता की ते अग्रलेखातून बनतं. पण अग्रलेख वाचणारे आमच्या गल्लीत मी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर असे दोघंच, आणि पोस्टमास्तर तो वाचतात तेही मुद्रणदोष शोधण्यासाठी. बाकीच्यांचं मत मथळ्यावर बनतं, आणि मथळा बनतो कॉलमच्या रुंदीवर. कल्पना करा. वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी काहीतरी बोलतो. ते वृत्तसंस्थेच्या इंग्रजीतून रात्री नागपूरच्या एका टेबलावर येऊन पडतं. तिथे डोळे चोळत बसलेल्या उपसंपादकाकडे वीस मिनिटं आणि दोन कॉलम असतात. 'अतिरिक्त आयातशुल्क आकारणी' त्या जागेत मावत नाही. 'दणका' मावतो. 'तडाखा' मावतो. 'बॉम्ब' तर इतका छान मावतो की दोन्ही बाजूंना उद्गारचिन्हाला जागा उरते. मग पेपरची गाडी पाऊणशे किलोमीटर अंधार कापत वर्ध्याला येते आणि सकाळी आम्ही म्हणतो, तात्यानं बॉम्ब टाकला. एका महासत्तेचं व्यापारधोरण आमच्यापर्यंत पोचताना किती सेंटिमीटरचं व्हावं, हे त्या अर्धवट झोपेतल्या माणसानं ठरवलेलं असतं. त्याचा राग नाही येत. उलट वाटतं, त्याला कुणीतरी रात्रीचा चहा नेऊन द्यावा.

त्यातून आपली भाषा. इंग्रजीत राजा असो की रखवालदार, सगळ्यांना एकच सर्वनाम पुरतं. मराठीत मात्र मत बनवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. 'आला' म्हणायचं की 'आले', इथेच तुमची परीक्षा. क्रियापदाच्या शेपटीला आदर बांधला आहे की नाही, ते वाचणारा डोळ्यांनी नव्हे, कानानं हेरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प अहमदाबादला आले तेव्हा आमच्या पेपरात ते 'पधारले' होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी साऱ्या जगावर आयातशुल्काचा तक्ता उगारला तेव्हा त्यांनी 'इशारा दिला'. ऑगस्ट उजाडेपर्यंत ते 'बरळले'. आता गंमत पाहा: बरळले! बरळला नव्हे. क्रियापद चपलेचं, प्रत्यय पागोट्याचा. पाटावर बसवून, समोर रांगोळी काढून, मग दोन शब्द सुनावायचे, ही मराठी पेपरची जुनी रीत आहे. टपरीवर तेवढा संयम नसतो, तिथे त्याच आठवड्यात त्यांचं 'बरळला' झालं होतं. आणि नेमकं तेव्हा 'तात्या' हे नाव मदतीला धावलं. कारण तात्यांना एकेरीत कोण हाक मारणार? तात्या रागावले, तात्या फिरले, तात्या पुन्हा फिरले. अन्यायानं गमावलेलं अनेकवचन नात्यानं परत मिळवून दिलं.

नावाचा हा महिमा मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण आमच्या गोठ्यात निक्सन होता.

हिंगणघाटकडच्या एका लहान गावात बाबा शाळामास्तर होते. गावात पेपर एकच यायचा, तोही दुपारच्या यष्टीनं, आणि कंडक्टरचा वाचून झालेला. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचत. समोर दहा-बारा माणसं उकिडवी बसलेली, आत चुलीपाशी माय. कंदिलाच्या काचेवर काजळी चढे तसा आवाज जड होत जाई. डिसेंबर १९७१ चे ते दिवस. युद्ध चालू होतं. नागपुरात 'लोकमत'चं दैनिक सुरू झालं ते त्याच महिन्याच्या १५ तारखेला, आणि दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. जन्मल्या जन्मल्या एवढी मोठी बातमी क्वचितच एखाद्या पेपरच्या वाट्याला येत असेल. पण आमच्या ओट्याच्या लक्षात ढाका राहिलं नाही, राहिलं ते सातवं आरमार. अमेरिकेच्या निक्सननं आपल्या अंगावर जहाजं पाठवली, असं बाबांनी वाचलं आणि ओटा गप्प झाला. ज्यांनी वर्धा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ती माणसं बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या जहाजांनी अस्वस्थ झाली. त्याच आठवड्यात बाबांनी बाजारातून एक गोऱ्हा आणला होता. तांबूस रंग, रुंद कपाळ, आणि नजर अशी की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकावा. पहिल्याच दिवशी त्यानं मोठ्या बाबांना गव्हाणीवर दाबलं. मोठे बाबा धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "हा तं निक्सन हाये लेकाचा." झालं. बारसं आटोपलं.

नाव ठेवताना आम्हाला त्याचं लक्षण माहीत नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. निक्सनला पुढे एक खोड लागली. रात्री दावं तोडायचं, शेजाऱ्याच्या वावरात शिरायचं, उभ्या तुरीत मनसोक्त चरायचं आणि पहाटे इतक्या निरागसपणे गोठ्यात येऊन रवंथ करत बसायचं की पुरावा फक्त ओठाला चिकटलेलं तुरीचं पान. आणि १९७२ च्या जूनमध्ये तिकडे वॉशिंग्टनमध्ये माणसं रात्री दुसऱ्याच्या कचेरीत शिरताना पकडली गेली. वॉटरगेट हा शब्द हळूहळू नागपूरच्या पेपरात आला, तिथून आमच्या ओट्यावर आला. बाबांनी ती भानगड समजावून सांगितली तेव्हा साऱ्या ओट्यानं एकमुखानं गोठ्याकडे पाहिलं. जगातल्या किती पत्रपंडितांनी त्या प्रकरणावर किती रकाने भरले असतील, पण आमच्या गावाइतक्या लवकर आणि इतकं आतून ते कुणालाच कळलं नसेल. आमच्याकडे नमुना बांधलेला होता.

पण दोन वर्षं एखाद्याला वैरण घातली की व्हायचं ते झालं. निक्सनचं माय 'निक्स्या' करून बसली. भाजीची देठं, भाकरीचा वाळका तुकडा घेऊन ती गोठ्याच्या दाराशी उभी राही आणि हाक मारी, "निक्स्या, ये ना रे बापू." तो रुंद कपाळ तिच्या खांद्याला घासे. ऑगस्ट १९७४ मध्ये एका संध्याकाळी बाबांनी वाचलं की अमेरिकेच्या निक्सनला राजीनामा द्यावा लागला. ओट्यावर जरा खसखस पिकली. आतून मायचा आवाज आला, "काहून जी? काय केलं त्यानं?" बाबा म्हणाले, अगं, तेच, दुसऱ्याच्या घरात माणसं शिरवली, मग खोटं बोलला. माय थोडा वेळ गप्प होती. भाकरी उलथल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "शिरला असन तं दोन रट्टे मारा, पन गोठ्यातून काहून काढता? जाईन कुठं आता तो?" ओटा हसला नाही. बाबांनी पेपरची घडी घातली आणि चष्मा पुसला. त्याच महिन्यात पोळा होता. माझ्या आठवणीत त्या वर्षीची सर्वांत सुंदर झूल निक्सनच्या अंगावर होती.

सातव्या आरमाराचा राग तीन वर्षांत भाजीच्या देठांनी विरघळवला, तो असा. मायनं जन्मात पेपर वाचला नव्हता, आणि तरी पेपरनंच तिचं मत घडवलं होतं, फक्त ते पेपरला अपेक्षित नव्हतं तसं घडलं. पेपरनं नाव आणून दारात टाकलं, मत घडवायचं काम बैलानं केलं.

अमेरिकेशी आमच्या जिल्ह्याची ओळख मात्र बैलाच्याही आधीची, पेपरच्याही आधीची. ती कापसातून झाली. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे उत्तर आणि दक्षिण आपसांत लढली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि मँचेस्टरच्या चात्यांना एकाएकी आमच्या पराटीची आठवण झाली. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जाई. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा झाला तो याच धामधुमीत. पुढे लढाई संपली, अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळले. आणि मग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली. सोय आमच्याकडे नेहमी भाव पडल्यावर येते, याची ही पहिली नोंद असावी. त्या काळच्या वखरणाऱ्या माणसाला लिंकन नावाचा कुणी आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण दर पेठेच्या दिवशी तो लिंकनचा परिणाम खंडीच्या हिशेबानं मोजून घेत होता.

दीडशेहून अधिक वर्षांनी हिशेब तोच आहे, फक्त आता छापून येतो. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून, आणखी २५. तिरुपूरच्या बनियनला गिऱ्हाईक कमी झालं की सुताला उठाव नाही, सुताला उठाव नाही की गठाणीला मागणी नाही. कापडगिरण्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे रुसले तात्या, आणि ताट उचललं गेलं आमच्या पुढ्यातलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला, आणि तो मिळवायचा तर आता मोबाइलच्या ॲपवर नाव नोंदवायचं. या सगळ्याची बातमी पान सातवर, आणि बाजारभाव त्याच पानाच्या तळाशी. मधे जेमतेम दोन बोटांचं अंतर. वॉशिंग्टन ते वर्धा हे अंतर मी एवढं कमी झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

एकाच पानातून दोन घरांत दोन ट्रम्प कसे निघतात, तेही मी बघतो. समोरच्या वहिनींचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. त्या पान सात कात्रीनं कापतात. बातमी वाचायची, तारीख लिहायची, चौकोन कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर फी लावली तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं समासात गुणाकार केला, अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास उत्तर आलं, आणि त्यांनी ते खोडरबरानं पुसलं. पुसल्यानं फी कमी होणार होती असं नव्हे. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गावाकडून बँकेच्या कामाला येतो तेव्हा माझ्याकडे तोच पेपर वाचतो, पण उलटा, म्हणजे खालून वर. आधी भाव, मग त्याचं कारण. एकदा दोघं एकाच वेळी माझ्या ओसरीवर होते. वहिनी म्हणाल्या, "मेल्याला दुसऱ्यांच्या लेकरांचं काही आहे की नाही?" दादा म्हणाला, "लेकरं तं परत येतीन वहिनी, भाव येत नाही." मग दोघांनाही वाटलं असावं की आपण जरा जास्त बोललो. दादानं विचारलं, पोरगं जेवते का तिकडं बराबर? वहिनींनी विचारलं, पाऊस कसा आहे हो गावाकडे? आणि पेपर आमच्या तिघांच्या मधे, पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडवत, बिचारा आपलं मत मांडत राहिला.

परदेशी पुढाऱ्याला पेपरातून असं घरात आणून बसवायची सवय आपल्याला नवी नाही, आणि ती नेहमी मायच्या भाजीच्या देठांइतकी निरुपद्रवीही नसते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत पुण्याच्या 'केसरी'नं इटलीवर आणि मुसोलिनीवर वर्षानुवर्षं कौतुकानं लिहिलं. मोडकळलेल्या देशाला एक खमका माणूस शिस्त लावतो आहे, असं ते चित्र होतं. पारतंत्र्यात वाढलेल्या डोळ्यांना ते किती देखणं दिसलं असेल, हे समजू शकतं. आमच्या नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोमला जाऊन त्याला प्रत्यक्ष भेटले. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही रोमला गेले, मुसोलिनीला भेटले, आणि निघाल्यावर तिथल्या एका पेपरानं त्यांच्या तोंडी एक मुलाखत छापून टाकली, जी त्यांनी दिलीच नव्हती. गांधीजींनी बोटीवरून तारेनं इन्कार केला. पण इन्काराचं कसं असतं, तो नेहमी दुपारच्या यष्टीनं येतो. मुलाखत तोवर सकाळच्या चहाबरोबर पिऊन झालेली असते.

आणि मग गांधीजींची ती पत्रं. २३ जुलै १९३९. पत्राच्या माथ्यावर पत्ता वर्ध्याचा, मध्य प्रांताचा. मायना 'प्रिय मित्र'. पाठवायचं होतं बर्लिनला, हिटलरकडे. युद्ध टाळा, एवढंच चार ओळींत मागणं. इंग्रज सरकारनं ते पुढे जाऊ दिलं नाही. २४ डिसेंबर १९४० ला पुन्हा एक, लांबलचक, तेही वर्ध्याच्याच पत्त्यावरून, तेही पोचलं नाही. मी सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा कडुनिंबाखाली उभं राहून नेहमी या पत्रांपाशी येऊन थांबतो. पाहुण्यांना वाटतं, केवढा हा भाबडेपणा. मलाही पूर्वी वाटे. पण दुसरं पत्र नीट वाचलं की दिसतं, मित्र म्हणणं ही केवळ रीत नव्हे, असं ते सुरुवातीलाच सांगतात. आणि त्याच मित्राला पुढच्या ओळींमध्ये, तुमची कृत्यं राक्षसी आहेत, असंही सांगतात. अनेकवचन शाबूत, माया शाबूत, आणि निवाडाही शाबूत. आम्हाला टपरीवर यातलं एका वेळी एकच जमतं. राग आला की नातं तुटतं, आणि नातं जडलं की 'सोडा ना बाप्पा' होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प साबरमतीच्या आश्रमात चरख्यापाशी बसले. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी आभार मानले ते आपल्या थोर मित्राचे, पंतप्रधानांचे. गांधींचं नाव वहीत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात त्याचा थोडा हिरमोड झाला. चरख्याचं सासर इकडे आहे ना. पण मित्र हा शब्द तेवढा दोन्ही ठिकाणी होता. एका कागदावर तो ओझ्यासारखा उचललेला, दुसऱ्यावर फुलासारखा टाकलेला.

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता, म्हणजे कापसावरचं शुल्क उठल्यावर तिसऱ्या दिवशी आणि पन्नास टक्क्यांच्या पाच दिवस आधी. मी गावी गेलो. तोरणाखाली बैल उभे होते, पूर्वीच्या मानानं निम्मेही नाहीत. एका पोट्ट्यानं आयातशुल्कावर झडती रचली होती. 'टॅरिफ'ला यमक सापडेना म्हणून त्यानं 'शरीफ'ला बोलावून घेतलं आणि एका ओळीत दोन देश निकालात काढले. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत ट्रम्प यांचा मोठा पुतळा निघाला. इडापिडा घेऊन जा, असं ज्यांना म्हणायचं असतं त्यांच्या रांगेत काळ्या-पिवळ्या मारबतींसोबत त्यांनाही मानाची जागा मिळाली. तो फोटो पेपरात आला. पान सातवर नव्हे, पहिल्या पानावर. इतकी वर्षं भाड्यानं राहून पाहुणा एकदाचा ओसरीवर आला होता.

पण मला आठवते ती पोळ्याची संध्याकाळ. दादाच्या गोठ्यात एक गोऱ्हा होता, वर्षभराचा, पांढुरका, कपाळावर भुऱ्या केसांचा मोठा झुपका. झुपका वाऱ्यानं एका बाजूनं उडे आणि तो मान झटकून परत बसवी. दादाच्या नातवानं ते पाहिलं आणि टाळ्या पिटत म्हणाला, "आबाजी, याचं नाव ट्रम्प ठेवू!" सगळे हसले. मीही हसलो, कारण झुपका खरोखरच तसा होता. मला वाटलं, आता निक्सनची गोष्ट सांगायची वेळ आली. पण दादा ती माझ्याआधी जगला होता. ज्यांना निक्सननं गव्हाणीवर दाबलं, त्या मोठ्या बाबांचाच तो मुलगा. पुढे निक्सन थकला तेव्हा त्याला शेवटचं पाणी पाजणाराही तोच.

त्यानं गोऱ्ह्याच्या खांद्यावरून हात फिरवला. वावरात पराटी बोंडावर आली होती, कापूस अजून बोंडातच होता. "नाही रे बापू," तो नातवाला म्हणाला, "नाव ठेवलं का माया लागते. अन् माया लागली का मंग त्याचं काहीच चुकलेलं दिसत नाही." मग थोडं थांबून, माझ्याकडे बघून, "आधी कापूस घरात येऊ दे. भाव पाहू. मंग ठेवू नाव."

गोऱ्हा बिननावाचा राहिला. नातू जरा हिरमुसला, मग झूल ओढत दुसरीकडे पळाला. मी खिशातला सकाळचा पेपर काढला, पान सात उलगडलं, आणि दादानं त्यावर गोऱ्ह्यासाठी पुरणपोळीचा तुकडा ठेवला.